एम १०१ मधला नवा ठिपका: आपल्याकडून असा शोध का लागत नाही?

मावळतीकर | २५ मे २०२३, सकाळी ७.४०

रात्रभर झोप नाही, तरी आधी हे लिहून टाकतो.

वेल्ह्याच्या अलीकडे आमच्या मामांचं शेत आहे. काल लेकीला घेऊन आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण तिथे नेली. (आठवी झाली तिची, आता नववीत जाईल.) सव्वाअकराच्या सुमारास चंद्रकोर डोंगराआड गेली आणि आम्ही सप्तर्षींच्या शेपटीकडे वळलो. वसिष्ठ आणि मरीची यांना पाया धरून ध्रुवाच्या बाजूला साधारण समभुज त्रिकोण काढायचा. तिसऱ्या टोकाला एम १०१ ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह. आपल्यापासून सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं.

फोटोत ती भिंगरीसारखी दिसते. दुर्बिणीत मात्र काचेवर श्वास सोडल्यासारखा नुसता धुरकट डाग. त्या डागाच्या कडेला, एका किंचित उजळ गाठीला खेटून, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. लेक आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, सरळ बघितलं की जातो, बाजूला बघितलं की येतो." तिला तिरक्या नजरेने बघायला मी शिकवलेलं नव्हतं.

हा एसएन २०२३ आयएक्सएफ, एक अतिनवतारा (सुपरनोव्हा), म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा. यामागाताचे कोइची इतागाकी यांना तो १९ मे रोजी सापडला. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले होते, वैशाख अमावास्या होती. तेव्हा तो १५ व्या प्रतीच्या आसपास होता, आता ११ व्या प्रतीपर्यंत चढलाय. (नव्या वाचकांसाठी: प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना ६ व्या प्रतीपर्यंत दिसतं.) इतागाकी पंचाहत्तरीचे आहेत आणि खगोलशास्त्र हा त्यांचा पेशा नाही. असे दीडशेच्या वर स्फोट त्यांच्या नावावर आहेत.

परत येताना गाडीत मनात एकच घोळत होतं. त्या रात्री आपल्याकडेही अमावास्या होती आणि सप्तर्षी उत्तरेला चांगले वर होते. आपल्याकडे दुर्बिणीवाले थोडे नाहीत. मग एकालाही का दिसला नाही? मला वाटतं, आपण आकाश *दाखवतो* पुष्कळ, पण एकच जागा रोज *पाहत* नाही. पटतंय का?

सुगरण_सातारची | २५ मे, सकाळी ८.०५

लेकीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. तिला माझा गोड पापा सांगा.

खाडीपलीकडचा | २५ मे, सकाळी ९.३०

अभिनंदन! पण मत पटलं नाही. माणसाच्या डोळ्याची सद्दी संपली आता. अमेरिकेतल्या पालोमारची झ्विकी यंत्रणा, हवाईतून चालणारी ॲटलास, असे रोबो रोज रात्री अख्खं आकाश झाडून काढतात. याच ताऱ्याचे इतागाकींच्या काही तास आधीचे फोटोसुद्धा नंतर सापडलेत. यंत्राने आधीच टिपला होता. चिलीतली रुबिन वेधशाळा सुरू होऊ दे, ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. हौशी लोकांनी आकाशाची मजा घ्यावी, शोधाच्या मागे लागू नये.

आकडेबाज | २५ मे, सकाळी १०.१२

नावातच गंमत आहे. वर्षातल्या पहिल्या २६ नोंदींना ए ते झेड, मग दोन अक्षरं, मग तीन. आय नववं, एक्स चोविसावं, एफ सहावं. ९ × ६७६ + २४ × २६ + ६ = ६७१४. म्हणजे यंदाची ही ६७१४ वी नोंद, आणि मे अजून संपलेला नाही! यातल्या सगळ्या नोंदी अतिनवताऱ्यांच्या नसतात. वर्णपट घेऊन (प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासून) खात्री पटली तरच नावाआधी 'एसएन' लागतं.

भौतिकीचे_मास्तर | २५ मे, दुपारी १.२०

खाडीपलीकडचा, यंत्राने *टिपला* आणि यंत्राला *सापडला* यात फरक आहे. फोटो डिस्कवर पडून असणं म्हणजे शोध नव्हे. "हे काल इथे नव्हतं" असं कुणीतरी म्हणावं लागतं.

जानेवारी २०१४ ची गोष्ट आठवा. लंडनमध्ये स्टीव्ह फॉसी विद्यापीठाच्या मुलांना दुर्बीण हाताळायला शिकवत होते. ढग भरून येत होते, म्हणून घाईघाईने कॅमेरा एम ८२ कडे वळवला. ही दीर्घिकासुद्धा सप्तर्षींतलीच, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. तिच्यात एक परका तारा! तो आठवडाभर तिथेच होता, १२ व्या प्रतीपेक्षाही तेजस्वी झालेला, आणि एवढ्या सगळ्या यंत्रणांपैकी एकीनेही हाक मारली नव्हती. सापडला तो दहा मिनिटांच्या तासिकेत.

आणि अर्जेंटिनाचे व्हिक्टर बुसो. रोसारिओ गावात कुलपं-किल्ल्यांचं काम करणारा माणूस. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री गच्चीवर नवा कॅमेरा तपासत होते. शहराचा उजेड फार, म्हणून वीस-वीस सेकंदांचे फोटो घेत होते. दीर्घिका एनजीसी ६१३. पहिल्या काही फोटोंत काही नाही, पुढच्यांत एक ठिपका, आणि तो प्रत्येक फोटोगणिक वाढतोय. ताऱ्याच्या पोटातून निघालेला धक्का पृष्ठभागावर येतानाचा क्षण त्यांना मिळाला होता. मोठमोठ्या वेधशाळा त्यासाठी वर्षानुवर्षं टपून बसल्या होत्या.

पाऊलवाट | २५ मे, दुपारी २.०२

कुलपवाल्या काकांना साष्टांग दंडवत. 🙏

बाळू_पाटील | २५ मे, दुपारी ३.४५

मावळतीकर, मत अर्धं बरोबर आहे. पण आपल्या अडचणी जपानवाल्याला नाहीत. जून ते सप्टेंबर आकाशच नाही. ऑक्टोबरात कुठे उघडलं की दिवाळीचा धूर. आमच्या गावाबाहेर पूर्वी काळोख असायचा. आता टेकडीवर एक रिसॉर्ट झालंय, त्याचा झोत रात्रभर आभाळात. मालकाकडे दोनदा जाऊन आलो. म्हणाला, "पाहुण्यांना उजेड आवडतो." रोज एकच जागा बघायची तर आधी ती दिसायला हवी.

अनया_टोरांटो | २५ मे, रात्री ८.३०

खाडीपलीकडच्या दादांसाठी माझ्याकडची एक गोष्ट. इथे कॅनडात २०११ च्या जानेवारीत एका दहा वर्षांच्या मुलीने अतिनवतारा शोधला होता, २४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत. दुर्बिणीला तिने हातही लावला नव्हता. ओळखीच्या हौशी निरीक्षकाने घेतलेले फोटो तिच्यासमोर होते. जुना आणि नवा फोटो संगणकावर आलटून पालटून दाखवायचा, बाकी सगळं स्थिर राहतं आणि नवीन असेल ते लुकलुकतं. मावळतीकर, तुमची लेक नववीत म्हणजे तिला चार वर्षं उशीरच झालाय. :)

सुगरण_सातारची | २५ मे, रात्री ९.१५

मला एक समजावून सांगा. २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी फुटला ना तो? मग "१९ मे रोजी फुटला" असं सगळे का म्हणतायत?

भौतिकीचे_मास्तर | २५ मे, रात्री १०.००

ताई, "फुटला" नाही, "दिसला". फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र होता, तो तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मावळतीकर आणि त्यांची लेक ज्या डोंगराला पाठ लावून बसले होते, तो डोंगर हा प्रकाश निघाला त्याच्याही आधीचा.

आता फुटला म्हणजे काय झालं, तेही सांगतो. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा जन्मभर पोटात इंधन जाळतो. हायड्रोजनचा हेलियम, हेलियमचा कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन आणि शेवटी लोखंड. लोखंड जाळून काही मिळत नाही, चूल विझते. मग सूर्याहून जड आणि पृथ्वीएवढा तो गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि वीसेक किलोमीटर व्यासाचा गोळा उरतो. पुणे शहरात मावेल एवढा! वरून कोसळणारे थर त्यावर आपटतात आणि तारा उधळतो. सुटणाऱ्या ऊर्जेतली ९९ टक्के न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे सूक्ष्म कण) घेऊन जातात. आपल्याला दिसतो तो उजेड म्हणजे उरलेल्या एका टक्क्यातलाही छोटासा हिस्सा. त्या छोट्याशा हिश्शात तो अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीस तोड चमकतो.

न्यूट्रिनो आधी पोचतात आणि उजेड मागून येतो. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात तारा फुटला, तेव्हा जपानच्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत, अमेरिकेत आणि रशियात मिळून दोन डझन न्यूट्रिनो पकडले गेले, उजेड दिसण्याच्या दोन-तीन तास आधी. तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

सुगरण_सातारची | २५ मे, रात्री १०.२०

म्हणजे माझा पोळ्यांचा तवा अशाच एखाद्या ताऱ्याच्या पोटातला?

भौतिकीचे_मास्तर | २५ मे, रात्री १०.४५

बरंचसं लोखंड दुसऱ्या जातीच्या स्फोटातून येतं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की श्वेत बटू, म्हणजे त्याचा घट्ट गाभा, उरतो. तो जोडीदाराकडून वस्तुमान ओढत सूर्याच्या १.४ पटीच्या जवळ गेला की अख्खा भडकतो. ही चंद्रशेखर मर्यादा. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली, एकोणीस वर्षांचे असताना, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर हे गणित हाती घेतलं. याच एम १०१ मध्ये २०११ च्या ऑगस्टमध्ये तसा स्फोट दिसला होता. तेव्हा तव्याचं श्रेय जास्त करून त्या जातीला, आणि त्यावरची पोळी फुगताना तुम्ही श्वासात घेता तो ऑक्सिजन मात्र या आताच्या जातीचा.

पाऊलवाट | २५ मे, रात्री ११.१०

अवांतर: मृगातली काक्षी (बेटेलज्यूज तारा) कधी फुटणार? २०१९ च्या शेवटी मंद झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पृथ्वीचा अंत जाहीर झाला होता.

आकडेबाज | २५ मे, रात्री ११.३०

ती धुळीमुळे मंद दिसली, पुन्हा उजळली. फुटेल ती उद्या किंवा लाखभर वर्षांनी. ५०० प्रकाशवर्षांपलीकडे असल्याने आपल्याला काही होणार नाही. आपल्या स्वतःच्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा १६०४ चा. आता धागा भरकटवू नका.

खाडीपलीकडचा | २६ मे, सकाळी १०.००

मास्तर, एम ८२ चं उदाहरण मला माहीत नव्हतं. यंत्रणा आठवडाभर चुकली हे मान्य. तरी दोन-चार उदाहरणांवर आयुष्यातल्या रात्री खर्च कराव्यात का? माझा मुद्दा खर्चाचाही आहे. कॅमेरा, मोटारवर फिरणारं माउंट (दुर्बिणीची बैठक), संगणक. सामान्य माणसाचं काम नाही हे.

दिंडीदरवाजा | २६ मे, दुपारी १२.२५

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो.

ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट एव्हान्स. चर्चमध्ये धर्मोपदेशक. कॅमेरा नाही, संगणक नाही. अंगणात दुर्बीण आणि स्वतःचे डोळे. चाळीसच्या वर अतिनवतारे त्यांनी नुसत्या नजरेने शोधले. शेकडो दीर्घिका आणि त्यांच्या आसपासचे तारे त्यांना तोंडपाठ होते. एका दीर्घिकेवर काही क्षण नजर, की पुढची.

मला हे आमच्या थोरल्या आत्यामुळे कळतं. ठिपक्यांची रांगोळी घालायची, पंधरा ते एक. आम्ही पोरं मुद्दाम एक ठिपका जास्त टाकून ठेवायचो. ती परातीतलं पीठ मळत दारातून एकदा बघायची आणि म्हणायची, "तिसऱ्या ओळीत कोण शिरलंय?" ती मोजायची नाही. रोज घालून घालून रांगोळी तिच्या डोळ्यात बसलेली. एव्हान्स यांचं तेच होतं.

मावळतीकरांचं म्हणणं मला म्हणून पटतं. आपल्याकडे संस्था आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची. मी स्वतः आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांतूनच शिकलो. पण तिथे रात्रभर शनीची कडी दाखवायला रांग लावावी लागते. लोकांना दाखवणं हे मोठं काम आहे, त्यात स्वतःचं पाहणं राहून जातं. मी वीस वर्षं दाखवतोय. माझ्याकडे एकाही दीर्घिकेची सलग दहा रात्रींची नोंद नाही.

बाळू_पाटील | २६ मे, दुपारी १.१०

दिंडीदरवाजा, आत्या डोळ्यासमोर उभी राहिली.

मावळतीकर | २६ मे, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. बाळूदादा, पावसाळ्याचं आणि रिसॉर्टचं मान्य. तरी नोव्हेंबर ते मे सात महिने उरतात. उजेडाचं म्हणाल तर बुसो शहरातल्या गच्चीवरच होते.

खाडीपलीकडचा, खर्चाला एव्हान्स यांचं उत्तर आहेच. माझी दुर्बीण पण ढकलून फिरवायची आहे. टॉर्चवर राखीच्या डब्यातला लाल जिलेटीन कागद रबराने लावलाय. त्या रात्री तेवढ्यावरच भागलं.

भौतिकीचे_मास्तर | २७ मे, सकाळी ८.१५

मावळतीकर, त्या रात्री चित्र काढलंत का? आणि एम १०१ चं आधीचं एखादं चित्र आहे का तुमच्याकडे? घरात शोधा. *आधीचं* असेल तर *नंतरच्याला* किंमत.

मोठ्या वेधशाळा आत्ता तेच करतायत. एम १०१ ही लाडकी दीर्घिका, तिचे हबल आणि स्पिट्झर अवकाश दुर्बिणींचे जुने फोटो भरपूर. फुटण्याआधी त्या जागी कोण होतं हे त्यात शोधणं चाललंय. जुन्या फोटोंत तिथे धुळीत गुरफटलेला लाल महाराक्षसी तारा दिसतो. पहिल्या काही दिवसांच्या वर्णपटांवरून असं दिसतंय की मरण्यापूर्वी त्याने अंगावरचा बराच वायू भोवती टाकला होता आणि स्फोटाचा धक्का आधी त्यातच घुसला. म्हणून त्या पहिल्या दिवसांना एवढी किंमत. ही संधी लवकर सांगणाऱ्या इतागाकींमुळे मिळाली.

खाडीपलीकडचा | २८ मे, दुपारी ४.३०

काल गच्चीवरून माझ्या दहा इंचीत बघितला. शहराच्या उजेडात दीर्घिकेचा पत्ता नाही, अर्धा चंद्रही होता. पण ताऱ्यांच्या नकाशावरून जागा ताडून पाहिली आणि तो ठिपका तेवढा मिळाला. भोवती काही नाही, एकटाच. २ कोटी १० लाख वर्षं चालून तो थेट आमच्या पाण्याच्या टाकीमागे आला. मी खाली येऊन बायकोला उठवलं.

शोधाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. पण परवा पुन्हा बघणार आहे.

पाऊलवाट | २८ मे, दुपारी ४.४१

वहिनी काय म्हणाल्या?

खाडीपलीकडचा | २८ मे, दुपारी ५.०३

"मला का नाही आधी बोलावलं?"

अनया_टोरांटो | ४ जून, सकाळी ७.२०

पौर्णिमेमुळे दोन दिवस काही नाही. भारतातून लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही निरीक्षणं घेतली आहेत आणि आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने अतिनील प्रकाशात पाहिलंय. वाचून फार बरं वाटलं.

दिंडीदरवाजा | ९ जून, रात्री ११.५५

चंद्र आज उशिरा उगवणार म्हणून जुन्नरकडे आलो. मध्येच ढग. फटीतून दहा मिनिटं मिळाली. तेज अजून टिकून आहे, फार उतरलेलं नाही. यादी सुरू केली: एम १०१, एम ५१, एम ८१, एम ८२, एम ६३, एम ९४, एम १०६. साती सप्तर्षी आणि शेजारच्या श्यामशबल तारकासमूहातल्या. एका रात्रीत एका बाजूला सगळ्या होतात. आज पहिली नोंद. दहापैकी एक.

मावळतीकर | ११ जून, रात्री ८.३०

मास्तर, चित्र सापडलं.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या निरीक्षण-वह्या होत्या. एप्रिल २०२१, टाळेबंदीत गच्चीला कंटाळून शेतावर राहायला गेलो होतो तेव्हाची. शिसपेन्सिलीने काढलेला गोल, मध्ये बोटाने पुसून केलेला डाग, सहा तारे आणि कडेची ती उजळ गाठ. खाली लिहिलंय: "एम १०१. हवा बरी. विशेष काही नाही."

लेकीने २४ मेचं तिचं चित्र शेजारी ठेवलं. आधी जुळेना, कारण तिने वही उलटी धरून काढलं होतं. फिरवल्यावर सहाच्या सहा तारे जागेवर बसले. गाठही बसली. गाठीजवळ तिच्या चित्रात सातवा ठिपका, माझ्या चित्रात कोरा कागद. तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा प्रकाश रस्त्यातच होता? दोन वर्षं लांब?"

हो म्हटलं.

दुपारी पाऊस आला. दुर्बिणीचा आरसा झाकून, नळी गोधडीत गुंडाळून ठेवलीय. दिंडीदरवाजांची यादी तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलीय आणि आधीचे फोटो कुठे मिळतात ते अनयाताईंना विचारायला सांगितलंय.

अनया_टोरांटो | ११ जून, रात्री ९.१०

आज रात्री दुवे पाठवते. तिला सांगा, आधी एम १०६ पासून सुरू कर, आसपासचे तारे ओळखायला सोपे आहेत.

सुगरण_सातारची | ११ जून, रात्री ९.३०

दोन्ही चित्रांचा फोटो टाका ना इथे.

खाडीपलीकडचा | ११ जून, रात्री १०.०५

कोणता आयपीस वापरला होतात त्या रात्री?

मावळतीकर | ११ जून, रात्री १०.२०

शोधायला २५ मिमी, नंतर १०. फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकतो, पेन्सिल फार पुसट झालीय.